इंग्लंडांतील जुनें कूळ व धन्याचें दप्तर

सरंजामशाही म्हटली कीं किल्ले, घोडेस्वार व सरदार डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु त्या साऱ्या डामडौलाचा भार ज्या नांगरावर होता, त्याची हकीकत क्वचितच सांगण्यांत येते. आमची उमर महसुली दप्तरांत गेल्यामुळें आम्हांस तीच अधिक महत्त्वाची वाटते.

इ. स. १०६६ मध्यें नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें व तेथील जमिनी लष्करी चाकरीच्या अटीवर आपल्या सरदारांस दिल्या. १०८६ मध्यें त्यानें बहुतेक मुलखाची पाहणी करविली. नांगर किती, कुळें किती, पाणचक्क्या किती, पूर्वी उत्पन्न काय होतें व आतां काय आहे, हें शपथेवर विचारून लिहून घेतलें. तेंच 'डूम्सडे बुक'. तें लंडन येथें अद्याप जतन केलेलें आहे.

सरदाराच्या जहागिरीस 'मॅनर' म्हणत व तेथील बांधील कुळास 'व्हिलेन'. (याच शब्दाचा अर्थ पुढें 'दुष्ट मनुष्य' असा झाला, लेखणी कोणाच्या हातीं होती तें यावरून कळावें.) बऱ्या स्थितींतील कुळाकडे तीस एकरांच्या आसपास जमीन असे, पण तिचे पट्टे गांवच्या मोठ्या शिवारांत विखुरलेले. पुष्कळ ठिकाणीं अशीं तीन शिवारें असत व दर वर्षीं त्यांपैकीं एक पड टाकीत. धन्याच्या खासगी जमिनीवर आठवड्यांतून दोन-तीन दिवस वेठ करावी लागे. सुगींत, स्वतःचें पीक उभें असतां, त्याहूनही अधिक. मुलीच्या लग्नास धन्याची परवानगी पैसे भरून घ्यावयाची. दळण त्याच्याच चक्कीवर न्यावयाचें. कर्ता पुरुष वारला म्हणजे गोठ्यांतील उत्तम जनावर धन्याचें होई. ज्या घरचा औत हांकणारा गेला, त्याच घरचा बैल न्यावा, याहून कठोर वसुली आमच्या वाचनांत नाहीं.

या सर्व देण्यांची नोंद मॅनरच्या कचेरींत चर्मपत्राच्या गुंडाळ्यांवर होत असे. १३४८-४९ च्या महामारींत लोकसंख्येचा तिसरा हिस्सा तरी दगावला. मजूर मिळेनात, तेव्हां १३५१ च्या कायद्यानें मजुरी जुन्या दरावर बांधण्याचा यत्न झाला. १३८१ मध्यें शेतकऱ्यांनीं बंड केलें व ठिकठिकाणीं धन्यांचीं दप्तरें जाळलीं. पुढारी वॅट टायलर मारला गेला, बंड मोडलें. तरी वेठ हळूहळू जाऊन तिच्या जागीं रोख खंड आला.

पुढें त्याच नोंदीची नक्कल कुळास मिळूं लागली व तोच त्याचा जमिनीचा दाखला ठरला. यास 'कॉपीहोल्ड' म्हणत. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून राजाचीं न्यायालयें तिच्या आधारें धन्याविरुद्धही कुळाची दाद घेऊं लागलीं. ही वहिवाट १ जानेवारी १९२६ रोजीं कायद्यानें बंद होऊन त्या जमिनी साध्या मालकी हक्काच्या झाल्या.