प्लॉटर बदलताना आधी खुणा वाचवा

प्रश्न : हर्णै बंदरात आमचा ट्रॉलर आहे. जुन्या जीपीएस प्लॉटरचा पडदा अंधुक झालाय. नवा घेतला तर फिशफाइंडरचा जुना सेन्सर चालेल का?

उत्तर : सेन्सरआधी खुणांचं बोलू. जाळं फाडणारे खडक, मासळीच्या जागा ही तांडेलाची खरी पुंजी त्या जुन्या यंत्रात आहे. मेमरी कार्डाची सोय असेल तर खुणा जीपीएक्स फाइलमध्ये काढा. नसेल तर वहीत उतरवा, पण आकड्यांची पद्धत नीट पाहून. पडद्यावरचं १५.५० मिनिटं म्हणजे १५ मिनिटं ३० सेकंद. ते ५० सेकंद म्हणून भरलंत, तर अक्षांशातली खूण सहाशे मीटरहून जास्त सरकते आणि जाळं थेट खडकावर जातं.

जुना सेन्सर चालू शकतो, मात्र फ्रिक्वेन्सी, वॅट आणि प्लग तिन्ही जुळायला हवेत. नुसता प्लग बसला म्हणून विश्वास ठेवू नका. बदलायचाच असेल तर १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत, नौका ओढलेली असताना बदला.

नवा प्लॉटर इंजिनाच्या स्टार्टर बॅटरीवर जोडू नका. स्टार्टर मारताना व्होल्टेज पडतं आणि यंत्र मध्येच बंद होतं. वेगळी बॅटरी, जाड वायर, फ्यूज हवाच. होकायंत्रापासूनही तो लांब बसवा.

आणि पैसे कमी पडत असतील तर पडदा लहान घ्या, पण व्हीएचएफ सोडू नका. संकटाच्या हाकेसाठी चॅनल १६ लागतोच.