दृढीकरण आणि लग्न यांच्या मधली वर्षे



आपल्या चर्चच्या कार्यालयात स्नानसंस्काराच्या जाडजूड नोंदवह्या आहेत. प्रत्येक बालकाच्या नावापुढे समासात थोडी जागा मोकळी सोडलेली असते. पुढे त्याचे दृढीकरण झाले की त्या जागेत नोंद होते, लग्न झाले की आणखी एक नोंद होते. ख्रिस्तसभेच्या कायद्यानेच तसे सांगितले आहे. या दोन नोंदींच्या मध्ये दहा-बारा वर्षे सहज जातात. त्या वर्षांसाठी वहीत रकाना नाही आणि धर्मग्रामाच्या वेळापत्रकातही फारशी जागा नाही. आजचा पाठ त्या वर्षांविषयी आहे.

दृढीकरणापर्यंत सगळे ठरलेले असते. रविवारचे धर्मशिक्षण, प्रथम ख्रिस्तशरीर संस्कार, वेदीसेवा, गायनवृंद. मग दहावी होते, मुलगा किंवा मुलगी अकरावीला जाते आणि हजेरी घेणारे कोणी उरत नाही. काही वर्षांनी तोच तरुण आपल्या नियोजित वधूला घेऊन कार्यालयात येतो आणि विवाहपूर्व शिबिराची तारीख विचारतो. मधल्या काळात तो पदवीधर झाला, त्याने पहिला पगार हातात घेतला, कदाचित एखादा जिवलग मित्र अपघातात गमावला, आणि देव खरोखर आहे का, असे रात्री दोन वाजता स्वतःला विचारले. हे सारे धर्मग्रामाच्या अपरोक्ष घडले.

पालकांशी बोलताना याची कारणे लगेच ऐकायला मिळतात : मोबाइल, मित्रमंडळी, कॉलेजचे वातावरण. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण या मुलांचा दिवसही एकदा पाहिला पाहिजे. वसईतील कितीतरी मुले शिकायला मुंबईला जातात. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. सकाळच्या लोकलमध्ये उभ्याने प्रवास, मग लेक्चर, प्रॅक्टिकल, क्लास, कोणाला संध्याकाळी अर्धवेळ काम. रविवार हा एकच झोपेचा दिवस, आणि प्रवेश परीक्षा, स्पर्धा परीक्षा नेमक्या रविवारी येतात. अशा मुलाला सरसकट आळशी ठरवणे न्यायाचे नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात युतुख नावाचा एक तरुण आहे. पौलाचे प्रवचन मध्यरात्रीपर्यंत लांबले तेव्हा खिडकीत बसलेल्या या तरुणाला झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. (पौलासारख्या प्रेषितासमोरही श्रोते झोपत, हे वाचून आम्हा प्रवचनकारांना थोडा दिलासा मिळतो.) पौलाने त्याला दोष दिला नाही. तो स्वतः जिना उतरून खाली गेला, त्याने त्या तरुणाला कवटाळले, तो जिवंत आहे असे लोकांना सांगितले आणि मगच वर जाऊन बोलणे पुढे चालू केले.

अम्माऊसच्या वाटेवरची घटना आपल्या परिचयाची आहे. लूकच्या चोविसाव्या अध्यायात दोन शिष्य निराश होऊन यरुशलेमकडे पाठ फिरवून निघाले आहेत. प्रभू येशू त्यांना हाक मारून मागे बोलवत नाही. ते चुकीच्या दिशेने चालले असताना तो त्यांच्याबरोबर त्याच दिशेने चालू लागतो. तुम्ही कशाविषयी बोलत आहात, असे प्रथम विचारतो आणि त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतो. शास्त्रलेखांचा अर्थ तो त्यानंतर उलगडतो. भाकर मोडणे तर मुक्कामाला पोहोचल्यावर येते. २०१८ साली रोममध्ये तरुणांविषयी धर्माध्यक्षांची महासभा भरली होती. तिच्यानंतर पोप फ्रान्सिस यांनी मार्च २०१९ मध्ये ‘क्रिस्तुस विवित’ हे प्रबोधनपत्र तरुणांना उद्देशून लिहिले, त्यातही याच घटनेचा आधार घेतला आहे. आपण मात्र पुष्कळदा क्रम उलटा करतो. आधी सांगतो, मग विचारतो, आणि ऐकायला वेळ उरला तर ऐकतो.

ऐकणे इतके महत्त्वाचे का, हे संत ऑगस्टिन यांच्या जीवनात स्पष्ट दिसते. सतरा वर्षांचा ऑगस्टिन गावातून कार्थेजला शिकायला गेला. आजच्या भाषेत सांगायचे तर तो हॉस्टेलला गेलेला हुशार विद्यार्थी होता. तिथे त्याला दुष्टतेचा प्रश्न पडला : देव चांगला असेल तर जगात वाईट कुठून आले? पवित्र शास्त्र उघडले, तर त्याची साधी भाषा त्या साहित्याच्या विद्यार्थ्याला ओबडधोबड वाटली. मनीपंथीय म्हणत, आम्ही अंधश्रद्धा मागत नाही, बुद्धीला पटेल असे उत्तर देतो. तो त्यांच्याकडे गेला आणि सुमारे नऊ वर्षे त्यांच्यात राहिला. मनात शंका उरल्याच होत्या. फाउस्तुस नावाचे त्यांचे मोठे आचार्य आले की तुझ्या सर्व शंका फिटतील, असे त्याला सांगण्यात येई. फाउस्तुस आले, गोड बोलले, पण उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. पुढे मिलान शहरात त्याची गाठ बिशप अँब्रोज यांच्याशी पडली. ऑगस्टिन आपल्या आत्मकथनात प्रांजळपणे लिहितात की, अँब्रोज आपल्याला आवडू लागले ते सत्याचे शिक्षक म्हणून नव्हे, तर आपल्याशी मायेने वागणारा माणूस म्हणून. त्यांच्या वाणीचे सौंदर्य ऐकायला तो चर्चमध्ये बसू लागला आणि हळूहळू शब्दांबरोबर अर्थही आत शिरला. इ. स. ३८७ च्या पुनरुत्थान सणाच्या रात्री त्याच अँब्रोज यांच्या हातून त्याचा स्नानसंस्कार झाला. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता.

यावरून आम्हाला असे वाटते की, तरुणाच्या प्रश्नाला तयार उत्तर असण्यापेक्षा प्रश्न विचारायला सुरक्षित माणूस असणे अधिक गरजेचे आहे. मात्र येथे एक सावधगिरी हवी. माया आहे म्हणून उत्तर कच्चे चालेल, असे नाही. फाउस्तुसचा गोडवा ऑगस्टिनला पुरला नाही, आपल्या मुलांनाही पुरणार नाही. विज्ञान शाखेचा विद्यार्थी विचारतो, विश्व महास्फोटातून झाले तर उत्पत्तीच्या पुस्तकाचे काय? विश्व प्रसरण पावत आहे हे १९२७ साली आणि ते एका आद्य अणूपासून सुरू झाले असावे हे १९३१ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आणि ते सांगताना दुसरी बाजूही सांगावी लागते : स्वतः लमेत्र यांनी आपला सिद्धान्त देवाच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून कधी वापरला नाही. भौतिकशास्त्र आणि श्रद्धा यांचे प्रश्न वेगळे आहेत असे ते मानत. दुसरी मुलगी विचारते, माझ्या हिंदू आणि मुस्लिम मैत्रिणी माझ्याहून चांगल्या वागतात, मग माझ्या श्रद्धेत वेगळे काय? तिला दोन मिनिटांत वाटेला लावणारे उत्तर अप्रामाणिक ठरेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांतील सत्य आणि पावित्र्य नाकारले नाही आणि ख्रिस्ताची साक्षही सोडली नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र धरायला तिला शिकवायचे तर अनेक संध्याकाळी लागतील.

आता थोडेसे पालकांसाठी. संत मोनिका रडतरडत एका बिशपांकडे गेल्या आणि माझ्या मुलाशी वाद घालून त्याला पटवा, अशी विनवणी करू लागल्या. त्या बिशपांचे स्वतःचे बालपण मनीपंथीयांमध्ये गेले होते. त्यांनी नकार दिला. तो अजून ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू द्या, त्याच्यासाठी प्रार्थना करा, वाचता वाचता त्याचे त्यालाच कळेल, असे ते म्हणाले. मोनिकांना हे पसंत पडले नाही, त्या आग्रह करीतच राहिल्या. आईचे मन तसेच असते. पण रविवारी सकाळी चहाच्या टेबलावर ‘मिस्साला गेलास का?’ या प्रश्नाने सुरू होणारी उलटतपासणी किती घरांत उपयोगी पडली, याचा विचार व्हावा. आईवडील स्वतः मिस्साला जातात, घरात संध्याकाळी रोझरीची प्रार्थना होते आणि जेवताना मुलाचे म्हणणे न तोडता ऐकले जाते, एवढे त्या घराने सांभाळले तरी पुष्कळ झाले.

ऐकून घेतल्यावर काम दिले पाहिजे. येथे आम्हाला फ्रेडरिक ओझानाम आठवतात. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी धर्माग्रामांत गरिबांच्या घरी धान्य, औषधे पोहोचवते हे आपण जाणतो, पण ती कॉलेजच्या मुलांनी सुरू केली हे अनेकांना ठाऊक नसते. ओझानाम पॅरिसला कायदा शिकत होते. तेथे विद्यार्थ्यांच्या चर्चामंडळात ते ख्रिस्तसभेची बाजू हिरिरीने मांडत. एकदा विरोधी मताच्या विद्यार्थ्यांनी त्यांना विचारले की, पूर्वी तुमच्या ख्रिस्तसभेने चांगली कामे केली हे मान्य, पण आज तुम्ही काय करता? या प्रश्नाने ते अस्वस्थ झाले. २३ एप्रिल १८३३ रोजी, म्हणजे त्यांच्या विसाव्या वाढदिवशी, ते आणि काही सहाध्यायी एकत्र जमले व त्यांनी गरिबांच्या घरी जाण्याचे ठरवले. गरीब कुठे राहतात, त्यांच्याशी बोलायचे कसे, यातले त्यांना काही कळत नव्हते. एमान्युएल बेयी नावाच्या चाळिशीकडे झुकलेल्या संपादकांनी त्यांना बसायला जागा दिली व मार्गदर्शन केले. सिस्टर रोझाली रेन्दू यांनी आपल्या वस्तीतील कुटुंबे त्यांना दाखवली. दोघांनीही मुलांचे काम आपल्या हातात घेतले नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ऑगस्ट १९९७ मध्ये पॅरिस येथील जागतिक युवा दिनाच्या वेळी ओझानाम यांना धन्यवादित घोषित केले.

आपल्याकडे तरुणांना काम मिळत नाही असे नाही. नाताळचा गोठा, सणाच्या दिवशीची वाहतूक, मंडप, क्रीडास्पर्धा हे सारे तेच करतात आणि मनापासून करतात. पण त्या कामात त्यांचे हात लागतात, मत लागत नाही. वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी बँकेचा ताळेबंद वाचू शकते. धर्मग्रामाच्या अर्थसमितीत ती का बसू नये? ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार प्रत्येक धर्मग्रामात अशी समिती असावीच लागते आणि तीत पांढऱ्या केसांचेच लोक असावेत असे त्यात कुठे म्हटलेले नाही. ‘क्रिस्तुस विवित’च्या सातव्या प्रकरणात पोप फ्रान्सिस म्हणतात की, युवाकार्य करणारे तरुण स्वतःच असतात. मोठ्यांनी त्यांना सोबत द्यावी, पण वाटा त्यांना शोधू द्याव्यात.

ही सोबत कशी द्यायची, याविषयी आमचा विचार असा आहे. आपल्या धर्मग्रामातील काही विवाहित जोडप्यांनी पंधरा दिवसांतून एकदा, शनिवारी रात्री साडेआठनंतर, म्हणजे गाड्या येऊन गेल्यावर, पाच-सहा तरुणतरुणींसाठी आपले घर उघडावे. साधे जेवण किंवा चहा. येत्या रविवारचे शुभवर्तमान एकदा मोठ्याने वाचावे. मग बेल्जियमच्या फादर जोसेफ कार्डाइन यांनी कामगार तरुणांना शिकवलेली पद्धत वापरावी : पाहा, पारखा, कृती करा. या आठवड्यात कॉलेजात, गाडीत, घरात काय पाहिले? शुभवर्तमानाच्या उजेडात ते कसे दिसते? आणि आपण पाचजण मिळून एक लहान गोष्ट कोणती करू? भाषणे नकोत. यजमान जोडपे ईशज्ञानात पारंगत असण्याची गरज नाही. परिचारिका, शिक्षक, रेल्वेतील कर्मचारी, शेतीबागायत करणारे, कोणीही चालेल. अडलेला प्रश्न लिहून ठेवावा आणि आमच्याकडे आणावा. त्यासाठी तर आम्ही सेमिनरीत इतकी वर्षे तत्त्वज्ञान घोकले! एक नियम मात्र कडक राहील : बैठक नेहमी गटाने आणि उघड्या दारी होईल, कोणी प्रौढ व्यक्ती एकट्या तरुणाला किंवा तरुणीला बंद खोलीत भेटणार नाही आणि बैठक कुठे आहे हे घरच्यांना माहीत असेल.

भाषेचा प्रश्न येथे येतोच. आपली बरीच मुले इंग्रजी माध्यमातून शिकली आहेत. घरी बोलीभाषा, कॉलेजात इंग्रजी, मित्रांत हिंदी आणि मिस्सात प्रमाण मराठी, असा त्यांचा प्रवास असतो. वाचनपीठावर एखादा जोडाक्षराला अडखळला की मागच्या बाकांवर कोणीतरी हसते आणि तो मुलगा पुन्हा त्या पायरीवर चढत नाही. हसणाऱ्यांना आमची विनंती आहे की त्यांनी हे थांबवावे. आपल्या धर्मग्रामातील निवृत्त शिक्षक-शिक्षिकांनी शनिवारी अर्धा तास दिला, तर तरुणांकडून वाचनाचा सराव करून घेता येईल. शनिवारच्या घरगुती बैठकीत मात्र जी भाषा तोंडात येईल ती बोलावी. प्रभूला सर्व भाषा कळतात आणि यजमानांनाही बहुतेक कळतील.

पुणे, बेंगळुरू किंवा परदेशी शिकायला गेलेल्या मुलांची नावे आम्हाला हवी आहेत. पालकांनी ती कार्यालयात लिहून द्यावीत, म्हणजे त्यांच्यापैकी प्रत्येकाला महिन्यातून एक फोन करता येईल. तिकडे त्यांच्या राहण्याच्या जागेजवळचे चर्च कोणते, तिथे मिस्साच्या वेळा काय, एवढेही काढून देता येईल.

ज्या जोडप्यांची घर उघडण्याची तयारी आहे त्यांनी पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सॅक्रिस्टीत नाव द्यावे. चार घरे मिळाली तरी आपण सुरुवात करू. तरुणांनी आपापल्या परीक्षांची वेळापत्रके कार्यालयाच्या खिडकीत ठेवलेल्या पेटीत टाकावीत. बैठकांच्या तारखा ती पाहूनच ठरवल्या जातील.