मोडनिंबच्या माळावर छत्र्यांचे रंग

अळंबी बघायला घाटमाथ्यावरच जायला हवं असं नाही. पुणे-सोलापूर महामार्गावरचं मोडनिंब लोकांना बोरांच्या बाजारामुळे ठाऊक आहे. इथे, सोलापूर जिल्ह्यात, पावसाचा जोर सप्टेंबरात असतो. तेव्हा दोन-तीन चांगल्या सरी झाल्या की इथले बांध, उकिरडे आणि बोरी-बाभळीची वाळकी खोडं धुंडाळायला या. उजाडताच निघा, ऊन चढलं की नाजूक छत्र्या माना टाकतात. बांधावर पाय ठेवण्याआधी शेतमालकाला विचारा.

अळंबी म्हणजे बुरशीच. बुरशीत हरितद्रव्य नसतं, त्यामुळे तिचे रंग वेगळ्याच द्रव्यांतून येतात. तपकिरी-काळा रंग बहुधा मेलॅनिनचा. उन्हापासून तो राखण करतो. वाळक्या लाकडावर शेंदरी पंखा दिसला, तर तो पिक्नोपोरस असू शकतो. त्याचा रंग सिनाबारिनसारख्या द्रव्यांचा.

पण एकाच जातीची छत्रीसुद्धा दोनदा सारखी दिसत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. शेणखतावरची शाईछत्री कोवळी असताना खालून पांढरट असते. बीजाणू पिकले की काळी पडते आणि शाईसारखी वितळून जाते. कोरड्या मुलखात वारुळावर उगवणारा पोडॅक्सिस आधी पांढरा, खवलेदार असतो. आत बीजाणू तयार होतात तसा काळपट होतो. (वारुळात हात घालू नका, तिथे साप असू शकतो.) शिवाय पाणी प्यालेली टोपी गडद आणि सुकलेली फिकट दिसते, जोराच्या पावसात खवलेही धुऊन जातात. म्हणून फोटो काढताना कोवळी, उमललेली आणि जून अशा तिन्ही अवस्था टिपा. टोपीची खालची बाजू विसरू नका.

भरवशाचा रंग बीजाणूंचा. देठ कापून टोपी अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पालथी ठेवा आणि वाटीखाली रात्रभर झाका. सकाळी ठसा उमटलेला असतो. हिरवट ठसा आला तर ती क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस असण्याची दाट शक्यता. ही गवतात उगवते आणि कोवळेपणी अगदी साधी, पांढरी दिसते. खाल्ली तर काही तासांतच उलट्या-जुलाब सुरू होतात.

भडक ते विषारी आणि पांढरं ते निर्धोक, हा समज जिवावर बेततो. चांदीचं नाणं काळं पडण्याची परीक्षाही खोटी आहे. रानातली छत्री केवळ रंगावरून ओळखून खाऊ नका. कुणी खाल्लीच असेल तर त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका. जीवघेण्या जातींची लक्षणं सहा तासांनंतरही दिसू लागतात. उरलेला तुकडा कागदात गुंडाळून सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.