फवारणीच्या ड्रोनसाठी योग्य प्रोपेलरची निवड

पाठीवरच्या पंपाने फवारणी करताना औषधाचे तुषार माणसाच्या अंगावर उडतात व श्वासावाटे शरीरात जातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. माणसाला तुषारांपासून दूर ठेवता येते, हा ड्रोनचा मोठा लाभ होय. परंतु भरल्या टाकीनिशी ड्रोन कोसळला, तर माणूस, पीक व यंत्र ही तिन्ही धोक्यात येतात. ड्रोनला हवेत उचलून धरतो तो प्रोपेलर, म्हणजे त्याचा पंखा. तो मोडला की हाती लागेल तो, किंवा अधिक जोर मिळावा म्हणून जरा मोठा पंखा बसविण्याकडे कल असतो. असे करणे का अनिष्ट आहे व योग्य पंखा कसा ओळखावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. पंख्यावरील आकडे

प्रत्येक पंख्यास दोन मापे असतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी हा व्यास होय. दुसरे माप पिच. स्क्रू एका फेऱ्यात लाकडात जितका आत शिरतो, त्याप्रमाणे पंखा एका पूर्ण फेऱ्यात तत्त्वतः जितके अंतर पुढे सरकेल, ते त्याचे पिच होय. दोन्ही मापे इंचांत देतात. ‘२१७०’ या आकड्याचा अर्थ व्यास २१ इंच व पिच ७.० इंच असा घ्यावा.

२. वजनाचा हिशेब

पंख्याची निवड रिकाम्या ड्रोनवरून नव्हे, तर भरल्या टाकीच्या वजनावरून करावयाची असते. समजा, सहा पंख्यांच्या ड्रोनचे बॅटरीसह वजन १४ किलो आहे व टाकीत १० लिटर पाणी, म्हणजे आणखी १० किलो भरले. एकूण २४ किलो झाले. प्रत्येक पंख्याच्या वाट्यास ४ किलो येतात. तथापि वाऱ्याचा झोत आला किंवा वळण घ्यावे लागले, तर जादा जोर लागतो. म्हणून एकूण वजनाच्या सुमारे दुप्पट, म्हणजे येथे दर पंख्यामागे ८ किलो उचलण्याची ताकद असावी, असा सर्वसाधारण नियम आहे.

३. मोठा पंखा बसवावा काय?

मोठा पंखा सावकाश फिरून तेवढेच वजन कमी विजेत उचलतो, हे खरे. परंतु त्याकरिता मोटार मुळात तशी असावी लागते. मोटारीवर ‘केव्ही’ म्हणून जो आकडा असतो, तो एका व्होल्टमागे ती भाराविना मिनिटाला किती फेरे घेते हे सांगतो. मोठ्या पंख्यास कमी केव्हीची मोटार लागते, लहानास जास्त केव्हीची.

२० इंचांच्या जागी त्याच घडणीचा २२ इंचांचा पंखा बसवून तो तितक्याच वेगाने फिरविला, तर उचल सुमारे ४६ टक्क्यांनी वाढते. पण मोटारीवरील भार सुमारे ६१ टक्क्यांनी वाढतो. अशाने मोटार तापते, वेग नियंत्रित करणारे उपकरण जळू शकते आणि ड्रोन खाली येतो. शिवाय पंख्यांचा वारा तुषारांना पिकात खाली ढकलीत असतो. पंखा बदलला की फवारणीचा पट्टाही बदलतो.

४. उजवे व डावे पंखे

शेजारशेजारचे पंखे उलटसुलट दिशांनी फिरतात. त्यामुळे पंख्यांचे उजवे व डावे असे दोन प्रकार असतात. उजव्याच्या जागी डावा बसविल्यास तो हवा खाली ढकलण्याऐवजी वर ढकलतो व उड्डाण घेतानाच ड्रोन उलटतो. पात्याची जाड, गोलसर कड फिरण्याच्या दिशेला असावी.

५. ऊन व उंची

१५ अंश सेल्सियसच्या मानाने ४० अंशांत हवा सुमारे ८ टक्के विरळ होते. महाबळेश्वरच्या उंचीवर ती समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एक अष्टमांशाने विरळ असते. विरळ हवेत तोच पंखा कमी उचलतो. अशा ठिकाणी व भर उन्हाळ्यात पंखा बदलण्याऐवजी टाकी कमी भरावी.

६. देखभाल

कार्बनचे पंखे हलके व ताठ असतात, परंतु आघाताने तडकतात. नायलॉनचे स्वस्त असतात, पण भाराखाली वाकतात. प्रत्येक उड्डाणापूर्वी बॅटरी काढून ठेवावी व पात्यावरून बोट फिरवून चीर, टवका वा सैल स्क्रू आहे काय ते पाहावे. चीर पडलेले पाते चिकटवून वापरू नये. घडीच्या पंख्याचे एक पाते बिघडल्यास समोरचेही बदलावे, म्हणजे तोल राहील. काम संपल्यावर हातमोजे घालून ओल्या फडक्याने औषधाचा थर पुसून काढावा.

सारांश

ड्रोन नियम, २०२१ अन्वये दिले जाणारे प्रकार प्रमाणपत्र विशिष्ट रचनेच्या ड्रोनला असते. सबब निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेल्या व्यासाचा, पिचचा व दिशेचाच पंखा घ्यावा. हंगामापूर्वी एक जादा जोडी घरात आणून ठेवावी, म्हणजे ऐन फवारणीत भलता पंखा बसविण्याचा मोह होणार नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकाच्या वेळी पंख्यावरील आकडे व वजनाचा हिशेब शेतकऱ्यांकडून प्रत्यक्ष करवून घ्यावा.