गर्भिणीचे ताट : निष्ठा आणि अवधान



षट्स्थलाच्या मागील पाठांत भक्तस्थल आणि महेश्वरस्थल यांचे विवेचन आपण पाहिले. भक्ताची भक्ती ही श्रद्धाभक्ती, महेश्वराची भक्ती ही निष्ठाभक्ती आणि तिसऱ्या पायरीवरील प्रसादीची भक्ती ही अवधानभक्ती, असा हा क्रम आहे. निष्ठा म्हणजे घेतलेले व्रत न सोडणे. अवधान म्हणजे जागरूकपणा. जे हाती आले आहे ते कोठून आले, कोणाला अर्पण झाले आणि कोणाच्या मुखी गेले याचे सतत भान. या अंकात प्रसादीस्थलाचा विचार करताना नेहमीची शास्त्रचर्चा थोडी बाजूस ठेवून एक घरातले ताट आपल्यापुढे ठेवीत आहे. ते ताट आहे गरोदर सुनेचे.

आपल्या घरांत मद्यमांस वर्ज्य आहे. लेक सासरी जाताना हे व्रत तिच्याबरोबर जाते आणि तिला दिवस गेले की घरातील वडीलधारी मंडळी ते अधिकच जपतात. ही निष्ठा उत्तम आहे. परंतु काय खायचे नाही हे जितके काटेकोरपणे आपण पाहतो, तितक्या काटेकोरपणे तिच्या पोटात काय जाते हे पाहतो का? निष्ठा आहे, पण अवधान आहे का? या पाठाचा सारा आशय या एका प्रश्नात आहे.

माझ्या हातून घडलेली चूक

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी स्वतःची चूक सांगणे बरे. काही वर्षांपूर्वी नंदगड परिसरातील एका शेतकरी घरातून सासू-सून दर्शनास आल्या होत्या. श्रावण लागणार होता. भातलावणी नुकतीच आटोपली होती आणि सुनेला सहावा महिना होता. सासूबाईंनी विचारले, "अप्पाजी, हिने सोमवार धरले तर चालतील का? आमच्या घरी पहिल्यापासून आहेत." मी विभूती देता देता म्हणालो, "धरू दे. शिवकृपेने सारे सुखरूप होईल." त्या मुलीच्या चेहऱ्याकडे मी नीट पाहिलेही नाही.

आठव्या महिन्यात तेच कुटुंब गर्भस्थ शिशूच्या लिंगधारणेसाठी आले. पूजा निम्म्यावर आली तोच मुलीला बसवेना. नखे पांढरी पडली होती, दम लागत होता. तिला तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेले, तेव्हा रक्तातील हिमोग्लोबिन सात ग्रॅमच्याही खाली गेलेले आढळले. रुग्णालयात ठेवून तिला रक्त द्यावे लागले. पुढे बाळ जन्मले ते जेमतेम दोन किलोचे. ईश्वरकृपेने आज माय-लेकरू दोघेही ठीक आहेत. परंतु डॉक्टरांनी तिला "रोज काय जेवत होतीस?" असे विचारले, तेव्हा तिने दिलेले उत्तर मी विसरलेलो नाही. ती म्हणाली, "सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते."

वार-तिथी पाहून केलेल्या उपवासांना शरणांनी महत्त्व दिले नाही, हे मी व्यासपीठावरून कितीदा सांगितले असेल! आणि प्रत्यक्ष प्रसंग आला तेव्हा मीच एका अशक्त मुलीला उपाशी राहण्याची मोकळीक दिली. वचने पाठ असणे निराळे आणि अवधान असणे निराळे.

एका ताटात दोन लिंगांचा प्रसाद

आपल्या परंपरेत अन्न आधी इष्टलिंगास अर्पण होते आणि मग प्रसाद म्हणून ग्रहण केले जाते. अर्पणापूर्वी ते पदार्थ असते, अर्पणानंतर तोच प्रसाद होतो. आता गर्भवतीचा विचार करा. आठव्या महिन्यात पोटातील बाळासाठी लिंग देण्याची जुनी रीत काही घराण्यांत अजून पाळली जाते. तिचा अर्थ असा की, ते मूल जन्मण्याआधीच लिंगवंत मानले गेले. मग आई जो घास घेते तो दोघांचा प्रसाद झाला. त्या घासात कसर करणे म्हणजे प्रसादात कसर करणे होय.

परंपरेत एक कथाही सांगतात. बसवण्णांची बहीण अक्क नागम्मा हिने प्रसाद ग्रहण केला आणि त्यातून चन्नबसवण्णांचा जन्म झाला. कथा जशीच्या तशी घ्यावी की तिचा भावार्थ घ्यावा, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. भावार्थ मात्र स्पष्ट आहे : आई जे ग्रहण करते त्यातूनच बाळ घडते.

कोणी म्हणेल, मिताहार हाही शरणांचा बोध आहे. आयदक्की लक्कम्मेचा पती मारय्या एकदा गरजेपेक्षा अधिक तांदूळ वेचून घरी घेऊन आला, तेव्हा तिने ते परत टाकून येण्यास सांगितले, ही कथा आपण जाणतो. पण लक्कम्मेचे माप कोणते होते? गरज हेच तिचे माप होते. गरोदरपणात गरजच वाढते. तेव्हा त्या मापाने पाहिले तर ताटात कमी वाढणे हाच माप चुकल्याचा दोष ठरतो. "जास्त जेवलीस तर बाळ मोठे होईल, बाळंतपण अवघड जाईल" असे सांगून सुनेचा हात आखडायला लावणाऱ्या माउल्यांनी याचा विचार करावा.

वैद्यकशास्त्र काय सांगते

गरोदर स्त्रीच्या रक्तात हिमोग्लोबिन दर शंभर मिलिलिटरला 11 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तिला रक्तक्षय आहे असे मानतात आणि 7 ग्रॅमच्या खाली गेल्यास तो तीव्र समजतात. 2019-21 मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक, म्हणजे शेकडा 52 गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्यात मांसाहारी घरेही आहेत, शाकाहारी घरेही आहेत. तेव्हा केवळ शाकाहारावर बोट ठेवता येत नाही. त्याचबरोबर, आपले ताट पवित्र आहे म्हणून ते आपोआप पुरेसे आहे असेही म्हणता येत नाही.

पुण्याजवळ झालेला एक अभ्यास आपण मराठी भाषकांनी आवर्जून समजून घ्यावा. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांच्या आहाराचा आणि पुढे त्यांच्या मुलांच्या वाढीचा अभ्यास केला. त्या माता आपल्या घरातल्यासारख्याच, शेतात राबणाऱ्या. सर्वच शाकाहारी नव्हत्या, पण मांसाहार करणाऱ्यांच्या ताटातही तो क्वचितच असे. त्यांची बाळे सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर भरली. दिसायला बारीक, पण अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने अधिक. विशेष म्हणजे ज्या मातांच्या आहारात दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे वारंवार होती, त्यांची बाळे आकाराने बरी निघाली. पालेभाजी, दूध, फळ यांपैकी एकही वस्तू आपल्या व्रताच्या आड येत नाही!

त्याच अभ्यासातील दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-12 हे जीवनसत्त्व कमी होते. ही मुले सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, त्याचे निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले. ज्या मातांना बी-12 कमी आणि फॉलेट मात्र भरपूर होते, त्यांच्या मुलांत पुढे मधुमेहाकडे नेणारी लक्षणे सर्वांत अधिक दिसली. याचा अर्थ फॉलिक ॲसिडची गोळी टाळावी असा मुळीच नाही. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची घडण नीट व्हावी म्हणून ती आवश्यकच आहे. तिच्या जोडीला बी-12 कमी पडू देऊ नये, हा त्याचा अर्थ.

गोळी घेतल्याने व्रत मोडते का?

बी-12 धान्यात नाही, डाळीत नाही, भाजीत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळते. ज्या घरी दूध डेअरीला जाते आणि सुनेच्या वाट्याला चहापुरते उरते, त्या घरी ते कमी पडणारच. अशा वेळी डॉक्टर गोळी किंवा सुई देतात आणि भक्त मठात येऊन विचारतात, "अप्पाजी, हे मांसापासून काढलेले असते ना?"

याचे उत्तर निःशंकपणे ऐका. निसर्गात बी-12 तयार करतात ते सूक्ष्म जीवाणू. औषधाचे कारखानेही ते जीवाणूंच्या साहाय्याने, आंबवण्याच्या क्रियेनेच बनवतात. त्यासाठी पशुहत्या होत नाही. शंका घ्यायचीच असेल तर कॅप्सूलच्या मऊ आवरणाबद्दल घ्यावी. ते पुष्कळदा प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनचे असते. डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे आणि साधी गोळी मागून घ्यावी. औषध सोडू नये, आवरण बदलून घ्यावे. निष्ठा आणि अवधान यांचा मेळ तो हाच.

लोहाच्या गोळ्यांबद्दलही गैरसमज आहेत. "त्याने बाळ काळे होते" हे खरे नाही. शौचास काळसर होते, ते घाबरण्यासारखे नसते. सरकारी दवाखान्यात मिळणारी लोह-फॉलिकची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान 180 दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस घ्यावयाची असते. ती चहाबरोबर वा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये, कारण मग लोह अंगी लागत नाही. आणि ज्या सुनेला माती, खडू किंवा राख खाण्याची ओढ लागते, तिला रागावू नका, तिचे रक्त तपासा. ती ओढ बहुधा रक्त कमी असल्याची खूण असते. विभूती कपाळी लावण्यासाठी आहे, खाण्यासाठी नाही, हेही प्रेमाने सांगा.

आपल्या मातीतले ताट

खानापूर तालुका हा भाताचा मुलूख. ताटात भाताचा ढीग आणि त्यावर पातळ आमटी, अशी आपली सवय. पोट भरते, पण अंग भरत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2020 च्या मानाप्रमाणे शेवटच्या तीन महिन्यांत आईला दिवसाला सुमारे 68 ग्रॅम प्रथिने लागतात. आपल्याच पदार्थांतून ती मिळतात का, याचा हिशेब करू. दिवसभरात 300 ग्रॅम धान्य, म्हणजे भात आणि भाकरी मिळून, 60 ग्रॅम डाळीचे घट्ट वरण, 40 ग्रॅम मटकी, मूग किंवा कुळथाची उसळ, अर्धा लिटर दूध-दही आणि मूठभर भुईमुगाचे दाणे एवढे घेतले की ही गरज भागते. बाहेरून महागडा डबा आणावा लागत नाही.

एक वेळ नाचणीची भाकरी किंवा आंबील असावी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात ते अगदीच थोडे. रोज एक पालेभाजी असावी, मग ती मेथी असो, शेपू, तांबडी भाजी वा शेवग्याचा पाला असो. भाजीतले लोह अंगी लागावे म्हणून जेवताना लिंबू पिळावे किंवा आवळा घ्यावा. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा नको. कडधान्याला मोड आणावेत. त्यामुळे लोह सुलभ होते आणि ते पचतेही हलके. मीठ आयोडीनयुक्तच वापरावे.

कर्नाटकात 2 ऑक्टोबर 2017 पासून मातृपूर्ण योजनेखाली अंगणवाडीत गरोदर मातांना दुपारचे गरम जेवण देण्यास सुरुवात झाली. तेथे अंडे असते म्हणून आपल्या काही सुना जातच नाहीत असे कानावर येते. अंडे न घेणाऱ्यांना मोड आलेली कडधान्ये देण्याची सोय त्या योजनेत केली आहे. ती मागून घ्या, दूध आणि चिक्की घ्या. शेजारची भगिनी अंडे खात असेल तर तिच्या ताटाकडे तुच्छतेने पाहू नका. आपले व्रत आपल्या ताटापुरते असते.

घरच्यांसाठी नेम

शरणांनी जननसूतकासह पाचही सूतके नाकारली आणि बाळंतिणीला विटाळापासून मुक्त केले. तिला शेवटच्या पंगतीपासून मुक्त करणे आपल्याकडे राहून गेले आहे. म्हणून हे पाच नेम आपल्या घरी लावून घ्यावेत.

1. घरात गर्भवती असेल तर लिंगार्पणानंतर पहिले ताट तिचे. दासोह घरातूनच सुरू व्हावा.
2. दूध विकण्याआधी तिचे अर्धा लिटर बाजूस काढावे.
3. गरोदरपणात उपवास नाही. ज्यांना नेम मोडवत नाही त्यांनी तो सासूने किंवा पतीने तिच्यासाठी धरावा.
4. दर महिन्याच्या 9 तारखेस सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. पतीने स्वतः तिला घेऊन जावे आणि हिमोग्लोबिनचा आकडा लक्षात ठेवावा.
5. बी-12 विषयी डॉक्टरांना आपण होऊन विचारावे. "आम्ही शाकाहारी आहोत" हे पहिल्याच भेटीत सांगावे.

त्या प्रसंगानंतर गर्भस्थ शिशूच्या लिंगधारणेसाठी कोणी आले की मी मुहूर्त पाहण्याआधी दोन गोष्टी विचारतो : हिमोग्लोबिन किती आहे, आणि सकाळी हिने काय खाल्ले? प्रारंभी काहींना हे विचित्र वाटले. आता सासवाच तपासणीचा कागद पदराखालून काढून पुढे ठेवतात. मला तो कागद पूजासाहित्याइतकाच पवित्र वाटतो.

आज रात्री घरी पंगत बसेल तेव्हा एकदा पाहा, आपली सून कितव्या पंगतीला बसते आहे. पुढच्या पाठात प्राणलिंगीस्थलाचा विचार करू. ज्या घरात दोन प्राण एका ताटावर अवलंबून आहेत, त्या घराने त्या पाठाची तयारी आजच्या जेवणापासून करावी.

शरणु शरणार्थी.