एसएमपीएस : हिशेब आधी गावच्या व्होल्टेजचा

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. मराठीत टेक्निकल लेख लिहायचा हा पहिलाच प्रयत्न, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

दिवाळीत केंदूरला (ता. शिरूर) आजोबांच्या मळ्यात गेलो होतो. चुलत बहीण यंदा दहावीला. तिच्यासाठी १२ व्होल्टचा एलईडी दिवा आणि लॅबमध्ये बनवलेला सप्लाय नेला. साधा मामला : ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, कपॅसिटर, ७८१२. दुपारी झकास चालला. संध्याकाळी आसपासच्या विहिरींवर मोटारी सुरू झाल्या आणि दिवा मिणमिणायला लागला. मल्टिमीटर लावला, तर लाईनला १६० व्होल्ट! आबा म्हणाले, "अरे, पोरीला अभ्यास रात्री करायचाय, दुपारी नाही."

चूक माझीच होती. २३० ला १२ देणारा ट्रान्सफॉर्मर १६० ला ८.३ व्होल्ट देतो. त्याचा पीक ११.८, ब्रिजचे १.४ वजा केले की उरले १०.४. ७८१२ ला तर किमान १४ हवेत. मग १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा? रात्री चालेल, पण लाईन २५० झाली की रेग्युलेटरवर २६ व्होल्ट येणार आणि १ अँपिअरला १४ वॅटची नुसती उष्णता.

इथे एसएमपीएस कामाला येतो. तो जादा व्होल्टेज जाळत नाही, स्विच किती वेळ चालू ठेवायचा तेवढं बदलतो. फ्लायबॅक टाईपचं डिझाईन असं :

१) पॉवर : १२ व्होल्ट, १ अँपिअर म्हणजे १२ वॅट. एफिशियन्सी ८० टक्के धरली तर इनपुट १५ वॅट.

२) इनपुट : रेंज ८५ ते २६५ व्होल्ट एसी. पीक १२० ते ३७५ डीसी. दर वॅटला ३ मायक्रोफॅरड या हिशेबाने ४७ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा कपॅसिटर. दोन पीकच्या मधे व्होल्टेज उतरतं, म्हणून किमान डीसी ९० धरा.

३) टर्न्स रेशो : ६:१ घेतला. डायोड ड्रॉप धरून सेकंडरीला १३, म्हणजे प्रायमरीवर ७८ व्होल्ट परत दिसतात. कंटिन्युअस मोडमध्ये ड्यूटी सायकल = ७८ ÷ (७८ + डीसी). ९० ला ४६ टक्के, ३७५ ला १७ टक्के. केंदूरच्या १६० एसीला डीसी साधारण २२०, म्हणजे २६ टक्के. अगदी आरामात!

४) मॉस्फेट : ३७५ + ७८ = ४५३, वर लीकेज इंडक्टन्सचा स्पाइक. ६०० व्होल्टचा काठावर बसतो. ८०० चा घ्या, क्लॅम्प लावा.

५) फीडबॅक : टीएल४३१ आणि ऑप्टोकप्लर. आउटपुट मेन्सपासून अलगच राहिलं पाहिजे, कारण दिव्याला हात लहान बहिणीचा लागणार आहे.

एक सूचना. स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट राहू शकतात. ब्लीडर रेझिस्टर लावा, मोजून बघा, मगच हात लावा. पहिली टेस्ट लॅबमध्ये, सरांसमोर, सिरीजमध्ये बल्ब लावून. होस्टेलच्या रूमवर नको!

केंदूरशेजारी पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे हाताने काम करत शिकतात. मला तो धडा एका मिणमिणत्या दिव्याने दिला. आता वेरिएक १६० वर ठेवूनच माझी टेस्टिंग चालू आहे. बोर्डाच्या परीक्षेआधी नवा सप्लाय मळ्यात पोचवायचाय.