वावटळीचा हिशेब

अंधेरीच्या एमआयडीसीतील कचेरीत बसून, मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या एका हळद दळणाऱ्या कारखान्यासाठी मी सायक्लोनचे, म्हणजे हवा गरगर फिरवून तिच्यातील पूड वेगळी काढणाऱ्या यंत्राचे, संगणकीय प्रतिरूप तयार केले, तेव्हा पडद्यावरची भोवऱ्याची आकृती इतकी निर्दोष दिसत होती, आणि रेसिड्युअलच्या, म्हणजे हिशेबात उरलेल्या चुकीच्या, रेषा इतक्या शिस्तीने खाली उतरल्या होत्या, की त्या आकड्यांवरून पंख्याची निवड मंजूर करताना माझा हात क्षणभरही अडखळला नाही.

पंखा बसला; परंतु ठरलेली हवा त्याला ओढवेना. आत शिरणाऱ्या हवेचा वेग मंदावला, त्याबरोबर कणांना भिंतीकडे लोटणारे अपकेंद्री बल क्षीण झाले, आणि आठवड्याच्या आत शेजारच्या इमारतीत वाळत घातलेल्या चादरी पिवळ्या पडू लागल्या. हवा कमी असूनही दाबाची घट दाखवणाऱ्या काचेच्या यू-नळीतील रंगीत पाण्याच्या दोन पातळ्यांत माझ्या हिशेबापेक्षा दोन बोटे अधिक अंतर होते.

कसूर माझीच होती. सवयीने मी के-एप्सिलॉन मॉडेल घेतले होते, आणि ते प्रवाहातील प्रक्षोभ सर्व दिशांना सारखाच वागतो असे मानते. सरळ नळात हे गृहीतक निभावून जाते. परंतु सायक्लोनमध्ये, जेथे भिंतीकडून आत येताना हवेची परिवलनगती वाढत जाते, निर्गमनलिकेच्या त्रिज्येच्या आसपास शिखर गाठते आणि मग अक्षाकडे झपाट्याने ओसरते, तेथे ते मॉडेल हे शिखरच पुसट करते आणि जणू सारी हवा एखाद्या भरीव चाकासारखी फिरते असे दाखवते. शिखर खचले की दाबाची घटही खोटी कमी भासते.

म्हणून या कामात पडणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे असे की, वेळ कितीही लागो, प्रक्षोभ सर्व दिशांना सारखा न मानणारे रेनॉल्ड्स स्ट्रेस मॉडेल घ्यावे. भोवऱ्याचा गाभा अक्षाभोवती डुलत असतो, तेव्हा उत्तर स्थिर न धरता कालानुसार चालवावे. आणि आपल्या यंत्राला हात घालण्यापूर्वी स्टेअरमंडने १९५१ साली दिलेल्या प्रमाणांचा, म्हणजे प्रवेशद्वाराची उंची व्यासाच्या निम्मी, रुंदी एकपंचमांश आणि एकूण उंची व्यासाच्या चौपट असलेला सायक्लोन सोडवून प्रसिद्ध मोजमापांशी ताडून पाहावा.

तळाकडे तर माझे लक्षच नव्हते. प्रतिरूपात धुळीचे तोंड मी बंद भिंत धरले होते. प्रत्यक्षात खाली धूळ साठवणाऱ्या हॉपरच्या जोडाचे पॅकिंग खचलेले होते. तेथल्या जुन्या मिस्त्रींनी कागदाचा चिटोरा त्या जोडाशी धरला, तो फडफडून फटीला चिकटला. "साहेब, खालून हवा खातोय हा," ते म्हणाले. भोवऱ्याच्या गाभ्यात दाब बाहेरच्याहून कमी असतो, त्यामुळे एवढ्याशा फटीतून शिरलेली हवा तळाशी जमलेली बारीक पूड पुन्हा वर उचलून नेते. त्याच दिवशी नवे पॅकिंग बसवले, आणि प्रतिरूपात भिंतीच्या जागी हवेची वाट ठेवून सारा हिशेब मी पहिल्यापासून मांडला.